झिलईच्या साठ विटा

इंग्लंडातल्या लाँगटनमधला आमचा चिनीमातीचा कारखाना पाडला, तेव्हा ईनॉकनं माझ्याकडे भट्टीच्या दोनशे विटा मागितल्या. ईनॉक कोलक्लो माझा शेजारी. इटलीला जाऊन आला आणि परसात पिझ्झाची भट्टी बांधायचं खूळ डोक्यात घेऊन बसला. चाळीस वर्षं भट्ट्या पेटवलेला माणूस मी. "तू फक्त चिखल कालव, विटांचं माझ्याकडे लागलं," असं छाती फुगवून सांगितलं.

विटा घ्याव्यात त्या कच्ची भांडी भाजायच्या भट्टीतल्या. झिलईच्या भट्टीतल्या विटांत झिलईतलं शिसं मुरलेलं असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चांगल्या विटा निघाल्या एकशेचाळीस. साठ कमी पडतात म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? पण बढाई मारून बसलो होतो ना! साठ विटा झिलईच्या भट्टीतून काढल्या, त्यांच्यावरची चकाकी तारेच्या ब्रशनं घासली आणि ढिगात मिसळल्या. आता कसलं शिसं उरतंय, अशी मनाची समजूत घातली.

आणि हे करणारा मी कोण, तर एडनाचा नवरा. माझी एडना तरुणपणी झिलईच्या हौदात भांडी बुडवायची. तीनदा तिला दिवस गेले, तीनदा गर्भ पडला. शिशानं, असं डॉक्टर म्हणाले होते. लाज वाटते मला.

रविवारी दुपारी भट्टी पेटली. ईनॉकची लेक ग्लेनिस सात महिन्यांची गरोदर, म्हणून पहिल्या घासाचा मान तिचा.

"विल्फकाका, असे काय बघताय? करपलाय का?"

"खाऊ नकोस गं."

"स्वतःला हवा असेल पहिला!" ईनॉक हसला. "जन्मभर ओटची धिरडी खाल्लीस लेका, तुला काय कळतंय यातलं!"

तिनं तुकडा तोंडाशी नेला. मी तो हिसकावला आणि सगळं सांगून टाकलं. ग्लेनिसचा हात पोटावर गेला. ती घरात निघून गेली.

ईनॉकनं विस्तवावर पाणी ओतलं.

"कुठल्या साठ? दाखव. तेवढ्याच काढतो. सहा आठवडे राबलोय मी."

मी वाकून एकेक वीट पाहिली. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. चकाकी मीच तर घासून काढली होती.

"ओळखू येत नाहीत रे."

त्यानं हातोडा आणून माझ्यासमोर टाकला.

"मग पाड सगळी. आणि एडनाच्या नवऱ्या, परत माझ्या दारात येऊ नकोस."