आबांच्या फलकाखालचा बाण

महापालिकेची नोटीस प्रेमराजने दुकानाच्या काउंटरवरच उघडली आणि वाचता वाचता त्याचा चेहरा लाल झाला. शहरातले सगळे माहितीफलक आता एकाच मापाचे, एकाच रंगाचे आणि एकाच उंचीवर लागणार होते. त्यांच्या खांबांवर बांधलेले खासगी फलक मालकांनी स्वतः काढावेत, नाहीतर महापालिका काढील, असं खाली छापलं होतं.

खासगी फलक! प्रेमराजने समोरच्या चौकात पाहिलं. दवाखान्याची दिशा दाखवणारी बाणाच्या आकाराची निळी पाटी होती, आणि तिच्या वर स्टीलच्या चकचकीत चौकटीत त्याचे वडील चुडामण आबा हसत होते. खाली सोनेरी अक्षरं : 'कै. चुडामण आबा चौक'. भोवती दिव्यांची माळ. हा चौक कुठल्याही ठरावाने आबांच्या नावाचा झाला नव्हता. आबांच्या वर्षश्राद्धाला प्रेमराजने तो करून टाकला होता. धुळ्यात असे आणखी चौक होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

दोन दिवसांनी महापालिकेचे अभियंता हिलाल शिडी आणि माणसं घेऊन आले. प्रेमराजचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान जुनं. शेजारीपाजारी लगेच गोळा झाले.

"प्रेमराजभाऊ, फोटो दुकानावर लावा. हवा तेवढा मोठा लावा. खांब मात्र मोकळा करा," हिलाल म्हणाले.

"पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक दिसत नाहीत तुम्हाला? माझा बापच तेवढा दिसला?"

"तेही काढतोय. तिथं गेलो की ते तुमच्या चौकाचं नाव सांगतात."

गर्दीत हशा पिकला. हिलाल हसले नाहीत. "निदान खालची पाटी तरी तपासू द्या. प्रत्येक पाटी तपासायची आहे मला."

"शिडी लावायची असेल तर आधी मला आडवा पाडा, साहेब!"

टाळ्या पडल्या. शिडी परत गाडीत गेली. हिलाल जाताना एवढंच म्हणाले, "सुनावणीला हरकत नोंदवा. तोवर फलक राहील." प्रेमराजने त्याच दिवशी हरकत नोंदवली आणि संध्याकाळी आबांच्या चौकटीला नवा हार घातला.

आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी एक पिकअप चौकात येऊन थांबली. आत दोघं बसलेले. चालवणाऱ्याचा चेहरा दुकानातून दिसला नाही, पण त्याने मान वर करून आबांच्या फोटोकडे पाहिलं, हात जोडले आणि गाडी बाजाराच्या रस्त्याला भरधाव घातली. प्रेमराजची छाती फुगली. घरी जेवताना त्याने बायकोला, हेमांगीला सांगितलं, "आज एक गाडीवाला थांबून आबांना नमस्कार करून गेला."

"आता तिथं घंटा बांधा," हेमांगी म्हणाली. "म्हणजे येणारा जाणारा वाजवून तरी जाईल."

सगळे हसले. त्याची आई, ताईबाई, तेवढी हसली नाही.

त्याच आठवड्यात दोंडाईचाकडचा सुकदेव दुकानात आला. त्याच्या विहिरीवरची मोटार दुरुस्तीला पडली होती. तो दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला, दारातच उभा राहिला.

"मोटर राहू द्या आते, भाऊ. वना दवाखानामा शे."

वना त्याचा धाकटा भाऊ. प्रेमराजने त्याला बसवलं, चहा मागवला.

"कपाशीवर फवारा मारी ऱ्हायंता. चक्कर येईसन पडना. पिकअपमा टाकं अन मी धुळं गाठं. एका हातमा स्टेअरिंग, दुसरा हात वनानी धरेल. तुमना चौकमा उनू. वर आबा दिसनात. लहानपणपासून आम्हीन आबास्लेच रस्ता पुसूत, म्हनीसन हात जोडात. मंग खालना बाण दखा अन तिकडेच गाडी घाली." त्याने तो हात पुढे करून दाखवला. "पुढे बठ्ठा बाजार, भाऊ! गाडी ना पुढे सरके, ना मांगे. वनानी मना हात घट धरेल व्हता. बाजारमा त्यानी मूठ सुटी गई."

प्रेमराजने हातातली बशी ठेवली. तो पायरीवर आला आणि कितीतरी दिवसांनी त्याने आबांच्या खाली पाहिलं.

बाण बाजाराकडे वळलेला होता!

दवाखाना दुसऱ्या हाताला. चौकट बसवताना वेल्डिंगवाल्याने विचारलं होतं, "पाटी आडवी येते भाऊ, जराशी फिरवू का?" आणि प्रेमराज म्हणाला होता, "फिरव. आबांचं तोंड मोठ्या रस्त्याकडे पाहिजे." पाटी पुन्हा सरळ करायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. पिकअप चुकीच्या रस्त्याला जाताना त्याने स्वतः पाहिली होती, आणि त्याला आनंद झाला होता!

"कोनी फिरावा व्हई बाण?" सुकदेवने विचारलं.

"महापालिकेचं काम असंच," प्रेमराज म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला सुकदेवकडे बघवेना. सुकदेवने चहा संपवला, "तुमना उपकार," म्हणाला आणि दवाखान्याकडे गेला.

रात्री ताट तसंच राहिलं. ताईबाईने विचारलं तेव्हा प्रेमराजने सगळं सांगितलं. सुकदेवला महापालिकेबद्दल सांगितलेलं ते शेवटचं वाक्यही गाळलं नाही. ती समोर येऊन बसली.

"तुना बाप त्या चौकमा कसाले बसे, माहीत शे ना?"

"लोकांना रस्ता सांगायला."

"मंग पहिले मना तोंड दखा, असं त्यास्नी कधी सांगं का?"

"माय, त्यांची आठवण राहावी, एवढंच मनात होतं."

"आठवण घरमा ठेव. खांब गावना शे. त्या खांबखाले जो उभा ऱ्हास, तो परगावना ऱ्हास, घाईमा ऱ्हास. त्याले आबा नही पाहिजे, दवाखाना पाहिजे."

"एकट्या माझ्या फलकाने काय होणार, असं वाटलं."

"बठ्ठास्ले तसंच वाटस. मनाच एक, मनाच एक म्हनता म्हनता बठ्ठा रस्ता झाकाई गया." तिने ताट उचललं. "अन त्या पोऱ्याले तू खोटं सांगं. ते आबास्नी कधीच करं नसतं."

सकाळी प्रेमराजने हिलालना फोन केला आणि त्यांची वाट न बघता स्वतः शिडी लावली. चौकट उतरवताना त्या दिवशी टाळ्या वाजवणारे जमले.

"काय भाऊ, घाबरलात का महापालिकेला?"

"महापालिकेला नाही," प्रेमराज म्हणाला. पुढचं त्याला तिथं सांगता आलं नाही. सुनावणीत मात्र सांगितलं. हरकत मागे घेताना त्याने बाण कुणी फिरवला, हेही सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. सभागृहात कुणी हसलं नाही. पाटी तर चौकट उतरवली त्याच दुपारी हिलालनी सरळ केली होती.

नंतर प्रेमराज दवाखान्यात गेला. वना शुद्धीवर आला होता. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना त्याचे हात थरथरत होते, आणि सुकदेव खालून पेला धरत होता. थरथर उशिरामुळे आली, असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. वेळेत पोचला असता तरी आली असती, असंही सांगितलं नाही.

"सुकदेव, बाण मी फिरवला होता. आबांच्या फोटोसाठी. आणि त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो."

सुकदेवने पेला खाली ठेवला. "त्या दिन तुम्हीन माले चहा पाजा, भाऊ," तो म्हणाला. "मी तुमना उपकार मानीसन गऊ." मग त्याने पाठ फिरवली आणि भावाचं पांघरूण नीट करू लागला.

चौकात आता ठरल्या मापाची नवी पाटी आहे. वर कुणी नाही, भोवती माळ नाही. परगावच्या गाड्या तिच्याखाली थांबत नाहीत; वाचतात आणि वळतात. तिच्याकडे पाहून कुणी हात जोडत नाही. पाटीचं काम झालं, याची तीच खूण आहे.

नागरिकहो, आपल्या गावातल्या खांबांकडे एकदा मान वर करून पाहा. तिथं आपल्या घरचं कुणी हसत असेल, तर त्याच्या मागे काय झाकलं गेलंय तेही पाहा. नियमाचा फलक रुक्ष वाटतो, कारण तो आपल्यासाठी नसतोच. आपल्याला रस्ता ठाऊक असतो. तो अनोळखी माणसासाठी असतो, आणि त्या माणसाचा आपल्या गावावरचा भरवसा त्या एका बाणावर टांगलेला असतो. तो भरवसा आपल्या मालकीचा नाही. त्यावर आपलं नाव लावायचा अधिकार कुणालाच नाही. मेलेल्या बापाच्या मायेनेही नाही.

सुकदेवची मोटार दुरुस्त होऊन प्रेमराजच्या दुकानात पडली आहे. तो ती रोज पुसतो. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.