चौथा शब्द

सुमंगलाकाकूंनी खटकन् टेप बंद केला.

"तोंड मिटून ऐक म्हणलं होतं ना? तुझ्या आवाजात ती बुडती."

सृष्टी तरी करणार काय! परवा पेपर, बी.ए.चं वर्ष ह्या एका संस्कृतपायी अडकलेलं, आणि मोठ्यानं म्हटल्याशिवाय हिच्या डोक्यात एक अक्षर राहत न्हाई. बोरीहून रोज सेलूला यायची ती ह्या कॅसेटसाठीच. काकूंचे मालक दिनकरराव गुरुजी जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांच्यासारखं शिकवणारं अख्ख्या तालुक्यात कुणी न्हाई.

त्यांची तऱ्हाच न्यारी. शब्दाचे भाऊबंद गोळा करायचे. एक संस्कृत, एक हिंदी, एक फारसी. इंग्रजीतला चौथा पोरीनं हुडकायचा. पोरगी म्हणजे त्यांचीच, ईश्वरी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. कॅसेटमध्ये मात्र खणखणीत होती.

काकूंनी पुन्हा बटन दाबलं.

"मातृ. माता. मादर."

"मदर!"

"भ्रातृ. भाई. बिरादर."

"ब्रदर! नाना, लय सोपं विचारायलाव तुमी!"

काकू हसल्या. रोज इथंच हसायच्या, अन् इथंच टेप बंद करायच्या. पण तेवढ्यात दूधवाल्यानं हाक मारली. काकू पातेलं घेऊन उठल्या, टेप चालूच राहिला.

"दुहितृ." आवाज गुरुजींचाच, पण एकदम म्हातारा झालेला. "हिंदीत हिचं सख्खं आता कुणी बोलत न्हाई. फारसीत दुख्तर. हं, बोल."

नुसती खरखर. सृष्टी 'डॉटर'ची वाट बघायली. ईश्वरी काही बोलेना.

"शाब्बास, ईश्वरी."

सृष्टीच्या ध्यानात आलं. हे पोरगी गेल्यावरचं होतं. त्या माणसानं एकट्यानं बसून भरलेलं.

"नव. नया. नौ."

पुन्हा खरखर. सृष्टीनं दाराकडं बघितलं, ओठ ओले केले, आणि पुटपुटली, "न्यू."

"शाब्बास."

मागं पातेलं वाजलं. काकू चौकटीत उभ्या होत्या, दूध पायावर सांडायलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. सृष्टीचा हात घाईनं बटनाकडं गेला.

"राहू दे."

काकू आल्या, तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या. टेपमधले गुरुजी पुढचा शब्द सांगून थांबले होते.

"जोरात बोल गं जरा," काकू म्हणाल्या. "ह्यांना कमी ऐकू येतं."