आजारी शेळीचा पहिला नंबर

कात्री म्हटलं की लोकांना शिंपी आठवतो. मी मात्र आयुष्यात कापडाचा एक धागाही कापलेला नाही. मी शेळ्यांचे खूर कापते.

माझी पाती आखूड, टोक निमुळतं आणि मुठींच्या मध्ये एक स्प्रिंग. कारखान्यात धार लावणाऱ्याने मला उजेडात धरून शेजाऱ्याला विचारलं, "ही कशाची रे?" तो म्हणाला, "असेल कसली तरी बागेची." म्हणजे जन्मापासूनच माझ्या कुळाचा घोळ. दुकानातही मला झाडं छाटायच्या कात्र्यांमध्ये टांगलं होतं. दोन वर्षं मी तिथे लटकत होते.

एका दुपारी एक बाई आल्या. त्यांनी अंगठ्याने माझी धार अलगद चाचपली आणि विचारलं, "शेळीच्या पायाला चालेल का?"

"शेळी चालेल," दुकानदार म्हणाला. "कात्रीचं मी काय सांगणार?"

बाई हसल्या नाहीत, पण मला घेऊन गेल्या.

त्या घरातल्या थोरल्या जाऊबाई. सगळे त्यांना थोरली म्हणत. घरात दुसरी जाऊ होती ती धाकटी, आणि थोरलीचे यजमान म्हणजे दादा. शेळ्या बारा. माझ्याआधी खुरांचं काम भाजीच्या सुरीने व्हायचं. ती सुरी धुऊन परत स्वयंपाकघरात जायची, त्यामुळे दादा जेवताना कोशिंबिरीकडे संशयाने बघायचे. मी आले आणि दादांचं जेवण सुधारलं.

शेळीचा खूर तुमच्या नखासारखा वाढतच राहतो. दगडाधोंड्यांत हिंडणारीचा आपोआप झिजतो. गोठ्यात राहणारीचा झिजत नाही, त्याच्या कडा आत वळतात आणि त्यात शेणमाती अडकून बसते. थोरली शेळीला भिंतीशी टेकवायची, पाय गुडघ्यातून दुमडायची आणि माझ्या टोकाने आधी घाण कोरून काढायची. मग वळलेली कड थोडी थोडी कापायची. पांढऱ्या तळव्यात गुलाबी झाक दिसली की थांबायचं. त्याच्या पुढे रक्त.

धाकटी शेळीचं तोंड धरून पाला भरवायची. सगळ्यांत नाठाळ होती मास्तरीण. मान ताठ, चाल ठेक्यात, आणि बाकीच्या अकराजणी तिच्या मागून रांगेने. पाय धरला की ती अशी बघायची, जणू आम्हीच गृहपाठ केलेला नाही.

मग एकदा धाकटी माहेरी चार दिवस राहून आली, ती एक शेळी घेऊन. किंचित लंगडत होती. "प्रवासात पाय अवघडला असेल," धाकटी म्हणाली. शेळीचं नाव पडलं पाहुणी, आणि त्याच दिवशी ती सगळ्यांत मिसळली.

पुढच्या वेळी खूर कापायला बसल्यावर धाकटीने विचारलं, "ताई, आधी कोण?"

"पाहुणीच. एक तर पाहुणी, त्यात दुखणाईत. तिला शेवटपर्यंत तिष्ठत ठेवायचं होय?"

पाहुणीच्या दोन बोटांच्या मधे करडा लगदा झाला होता. वास असा की धाकटीने तोंड फिरवलं. थोरलीने तो पाय कोमट पाण्याने धुतला, कोरडा केला, माझ्या पात्यांनी कुजका भाग कापला. मला एका फडक्याला पुसलं. मग हाक मारली, "मास्तरीण, या."

मी मुकी. माझ्या पात्यावर काय चिकटलं आहे ते मला कळत होतं, पण सांगणार कशी?

महिन्याभरात पाचजणी लंगडायला लागल्या. मास्तरीण तर पुढचे गुडघे टेकून चरायची. दूध आटलं. जावाजावांत आधी कुजबुज, मग उघड बोलणी.

"लोक माहेराहून खाऊ आणतात," थोरली म्हणाली.

"आमच्याकडे ती एका पायाने लंगडत होती. इथे येऊन पाच पाय बिघडले," धाकटी म्हणाली. "हिशेब तुम्हीच करा."

थोरली जिद्दीला पेटली. आता दर आठवड्याला मला बाहेर काढायची आणि जी जास्त लंगडते तिला आधी घ्यायची. तिच्या मनात माया होती, हातात मी होते. पाचाच्या आठ झाल्या.

एका सकाळी दादा गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "मी गाडीवाल्याला सांगितलंय. तीन आठवड्यांनी तो येईल. त्या दिवशी जी लंगडेल ती गाडीत चढेल. मला जनावरांचे हे हाल बघवत नाहीत."

गाडी कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी दारातच बादली मागवली, तीत औषध ओतलं आणि स्वतःचे रबरी बूट बुडवले.

"आमचा गोठा इतका घाण नाही हो," धाकटी फुरंगटून म्हणाली.

"गोठा नाही, बूट घाण आहेत. सकाळपासून चार गोठे फिरलेत ते." मग त्या थोरलीकडे वळल्या. "तुम्ही नेहमी करता तसं करून दाखवा."

थोरलीने पाहुणीला पुढे घेतलं, मला उचललं.

"थांबा. आधी हीच का?"

"सगळ्यांत जास्त हिलाच दुखतंय."

"आणि हिच्यानंतर कात्रीचं काय करता?"

थोरलीने फडकं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ते फडकं उलटंपालटं करून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हा रोग एकीच्या पायातून दुसरीच्या पायात जातो. ओल्या जमिनीतून जातो, आणि अशा कात्रीवर बसूनही जातो."

थोरली मला बाजूला ठेवून खाली बसली. "म्हणजे मीच दिला सगळ्यांना?"

मला वाटलं, धाकटी आता मागचं सगळं उट्टं काढणार. ती थोरलीच्या शेजारी बसली. "शेळी मी आणली ना, ताई. आणल्यावर काही दिवस वेगळी बांधायला हवी होती. मलाही सुचलं नाही."

माझ्या वाट्याला कुणीच दोष दिला नाही. त्यानेच मला जास्त लाज वाटली.

मग कामाचा धडाका लागला. डॉक्टरीणबाईंनी सुया टोचल्या आणि बजावलं, सडलेला खूर बरा होईपर्यंत त्याला कात्री लावायची नाही. लंगड्या वेगळ्या बांधल्या, पाहुणी त्यांच्याहून वेगळी. पसरट टपात झिंक सल्फेटचं पाणी केलं. त्यात एकेकीने पाव तास उभं राहायचं, वर ते पाणी पिऊ द्यायचं नाही. मास्तरीण दोनदा उडी मारून पळाली. तिसऱ्या वेळी धाकटीने तिच्या कानाशी शेजारणीच्या चुगल्या सुरू केल्या, तेव्हा ती शेवटपर्यंत कान टवकारून उभी राहिली. दादा "काही उपयोग नाही" म्हणत म्हणत पाण्याच्या हौदापाशी खडी टाकत होते, कारण चिखल तिथेच व्हायचा.

आणि मी? निरोगी पायांची पाळी आधी, आणि प्रत्येक शेळीनंतर मला औषधात बुडी. पहिल्या बुडीला माझा सांधा न् सांधा झोंबला. पण पाती स्वच्छ झाल्यावर किती हलकं वाटलं ते कसं सांगू!

गाडी ठरल्या दिवशी आली. फाटकापाशी इंजिन घुरघुरत राहिलं. दादांनी एकेक शेळी अंगणातून चालवायला लावली. पुढे मास्तरीण, मान ताठ, चाल ठेक्यात. मागून एक, दोन, पाच, नऊ, अकरा. दादा वाकून वाकून पाय बघत होते.

शेवटी पाहुणी. लंगडली. थोडीच, पण लंगडली.

गाडीवाल्याने मागची फळी उघडली. धाकटी खाली बघत उभी होती. बोलायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत असावं.

"ती राहील," थोरली म्हणाली.

"ठरलं होतं आपलं," दादा म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं. मी कुठे हो म्हटलं होतं? ती वेगळी राहील, मागच्या छपराखाली. तिचं मी बघेन."

दादांनी डोकं खाजवलं. मग गाडीवाल्याला म्हणाले, "फळी लाव. आलाच आहेस तर चहा घेऊन जा."

आता बाराजणींसाठी नवी कात्री आली आहे, पिवळ्या मुठींची, थोडी शिष्ट. माझी स्प्रिंग ढिली झाली आहे, पण मला कुणी भंगारात टाकलं नाही. पाहुणीचा खूर भरून आला, पण रोग उलटू शकतो म्हणून ती अजून मागच्या छपराखालीच आहे, आणि तिथे माझा स्वतंत्र खिळा आहे. मी फक्त पाहुणीची.

तुमच्याकडे शेळ्या असतील तर माझं एवढं ऐका. धडधाकट आधी घ्या, दुखरी शेवटी. जमीन कोरडी ठेवा. आणि आम्हाला फडक्याला पुसून टांगू नका, अंघोळ घाला.

आज खूर कापायचा दिवस आहे. पुढच्या गोठ्यातलं काम संपलं, थोरली हात धुऊन इकडे यायला निघाली. पाहुणीने पावलं ओळखली. बघा, तिने आपणहून पाय उचललासुद्धा.