अक्षरे गिळणारा कीबोर्ड

मी जुना आहे हे वेगळे सांगायला नको, माझा रंगच ते सांगतो. एके काळी मी दुधासारखा पांढरा होतो. आता आटलेल्या बासुंदीसारखा पिवळा पडलो आहे. मित्रांनो, भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी आहे इथला कीबोर्ड.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट ज्ञानदेवमामांच्या मांडीवर. मामा इथले जुने कारकून. त्यांनी माझ्या एकेका बटणावर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले, तेही इतक्या जपून, की जणू नातवंडाला काजळच घालत आहेत. हजेरीपत्रक, रजेचे अर्ज, गणपतीच्या आरतीच्या पाळ्या, सारे माझ्यावरच लिहिले गेले. मामांची दहा बोटे चालू लागली की लाह्या फुटल्यासारखा आवाज येई आणि येणारेजाणारे दारात थांबून ऐकत.

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यास्मिन आली. पिंपळे गुरवहून स्कूटीवर येते. मुलगी हुशार, पण तिचे निम्मे काम मोबाइलवरच होते. मग माझ्यावर कोणी हेल्मेट ठेवू लागले, तर कोणी वडापावचा कागद. मी मुकाट्याने सोसले. मला बोलता आले असते, तर पुढचा घोळ झालाच नसता.

ऑफिसच्या भिंतीपलीकडे पत्रा कापणारी मोठी प्रेस आहे. तिचा दणका बसला की माझे टेबलसुद्धा हलते. कापलेल्या तुकड्यांच्या कडा धारदार राहतात. त्या कानशीने घासायचे काम बारा बायका करतात. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या कुसुमताई, लातूरकडच्या. तुकड्यांचा क्रेट पूर्वी जमिनीवर असे. प्रत्येक तुकड्यासाठी वाका, उचला, घासा, पुन्हा वाका. शेजारच्या शालनबाईंच्या कमरेला डॉक्टरांचा पट्टा आला, तेव्हा कुसुमताईंनी भंगारातले लोखंडी अँगल आणि जुन्या स्कूटरची स्प्रिंग घेऊन एक घोडी बनवली. भरलेला क्रेट तिच्यावर ठेवला की घोडी खाली बसे. तुकडे कमी होत गेले की ती आपोआप वर येई. शालनबाईंचे वाकायचे कामच संपले.

पण हा माल चाकणच्या ज्या कंपनीला जातो, तिथले तपासनीस आले आणि म्हणाले, "मंजुरी नसलेली वस्तू लाइनवर ठेवता येणार नाही." दसऱ्यानंतर कंपनीत बैठक होती. तिथे प्रेझेंटेशन द्यायचे, मंजुरी मिळाली तर घोडी राहील, नाहीतर ती पुन्हा भंगारात. स्लाइड आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत पोहोचायला हव्या होत्या. ती वेळ चुकली तर पुढची बैठक सहा महिन्यांनी.

मालक निरंजनसाहेब म्हणाले, "यास्मिन लिहून देईल."

"नको साहेब," कुसुमताई म्हणाल्या. "घोडी मी केली, तर सांगणार बी मीच."

शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या माझ्यासमोर बसल्या. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे इतके निरखून पाहत होते. मला फार बरे वाटले.

पहिली अडचण लगेच आली. चौकटीत मजकूर वाढेल तशी अक्षरे बारीक होत चालली.

"यास्मिन, ह्ये माझ्या डोळ्यांची परीक्षा घ्यायलंय काय गं?"

"नाही हो ताई. मजकूर चौकटीत मावावा म्हणून ते आपोआप अक्षर लहान करतं." यास्मिनने एक सेटिंग बंद केले आणि अक्षरे पुन्हा ठसठशीत झाली.

पण दुसरी अडचण आली ती भलतीच. ताईंनी लिहिले, 'आधी आम्ही दिवसातून हजार वेळा वाकत होतो.' त्यांनी मान वर करून पाहिले, तर पडद्यावर नुसतेच 'आधी आम्ही दिवसातून'. पुन्हा लिहिले, पुन्हा गेले.

"अगं, ह्ये माझी अक्षरं खायलंय की!"

यास्मिनने फॉन्ट बदलला. भाषा मराठीची इंग्रजी केली आणि पुन्हा मराठी केली. सगळे बंद करून चालू केले. तोवर जेवणाची सुट्टी झाली. ताईंनी भाकरीचा डबा बाजूला सारला आणि लिहीतच राहिल्या. नवल म्हणजे, एक अक्षरही गेले नाही!

"बघितलंत? फॉन्टचाच दोष होता," यास्मिन खुशीत म्हणाली.

सुट्टी संपली आणि पाच मिनिटांत शेवटची अख्खी ओळ गायब झाली.

मित्रांनो, कारण मला ठाऊक होते. ते माझ्याच पोटात होते! पण सांगणार कसे? अडीच वाजता निरंजनसाहेब आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "कीबोर्ड गेलाय. टाका तो भंगारात. मी पळत जाऊन नवा आणतो." आणि ते मोटारसायकलवरून निघालेसुद्धा. एवढी वर्षे इमाने सेवा केली, त्याचा निकाल एका वाक्यात लागला. घोडी आणि मी एकाच भंगारात पडणार, असे मला वाटू लागले.

तेवढ्यात शालनबाई दारातून डोकावल्या. "काय गं कुसुम, झालं का न्हाई? का म्या आजपास्नंच वाकाया लागू?"

कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "शालन, आपला माल परत आला तर आपण काय करतो?"

"काय करतो! फळ्यावर लिवून पाच येळा का का करतो. कावळ्यावानी."

"मग इथं बी करू. यास्मिन, कागदावर लिही. अक्षरं का जातात?"

"कोणीतरी पुसतंय म्हणून."

"पुसतं कोण?"

"पुसायचं बटण. पण ताई, त्याला तर कोणी हातही लावला नाही."

"जेवणाच्या सुट्टीत का नाही पुसलं?"

यास्मिन पडद्याकडे वळली. भिंतीपलीकडून दणका आला आणि टेबल हलले. तिघींच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचे एक अक्षर नाहीसे झाले.

"सुट्टीत प्रेस बंद असती!" शालनबाई ओरडल्या.

"व्हय. दणक्यानं बटण दबतंय. आता नुसत्या हादऱ्यानं ते का दबतंय, तेवढंच राहिलं."

कुसुमताईंनी डोळे मिटले आणि माझ्यावरून तर्जनी फिरवली, पत्र्याच्या कडेवरून फिरवतात तशी. तुकड्याची कड कुठे खरखरते हे त्या बोटाला न पाहता कळते. सगळी बटणे झाली आणि वरच्या कोपऱ्यातल्या पुसायच्या बटणावर बोट थांबले. "हे केसभर खाली बसलंय." त्यांनी माझी तार काढली, मला उलटे धरले आणि पाठीवर दोन चापट्या मारल्या. टपकन टेबलावर पडला तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला.

खंडेनवमीला कुसुमताईंनीच वर्कशॉपमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. प्रेस, वजनकाटा, प्रिंटर, कोणालाच वगळले नव्हते. मलाही मनापासून हळदकुंकू आणि मूठभर अक्षता मिळाल्या होत्या. त्यांतलीच एक अक्षता बटणाच्या फटीत शिरून आडवी बसली होती.

"अगं बाई! माझीच अक्षता की ही!" ताईंनी कपाळावर हात मारला.

"आणि इतका वेळ मी बिचाऱ्या फॉन्टला बोल लावत होते," यास्मिन म्हणाली.

"देवाला वाहिलंस, ते देवानं पोटात ठिवून घेतलं," शालनबाई म्हणाल्या, आणि तिघी अशा हसल्या, की पलीकडून प्रेसवाला काय झाले ते बघायला आला.

मग काय विचारता! यास्मिनने माझी तार परत जोडली. उरलेला मजकूर शालनबाई आठवून सांगत, ताई लिहीत आणि यास्मिन फोटो लावी. प्रेस दणके देत होती, पण मी एकही अक्षर सोडले नाही. चारला आठ मिनिटे कमी असताना स्लाइड चाकणला रवाना झाल्या. निरंजनसाहेब नवे खोके घेऊन घामाघूम आले ते सव्वाचारला. उड्डाणपुलाखाली अडकले होते. ते खोके अजून कपाटात तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुसुमताई चाकणहून आल्या. खुर्चीवर बसल्या, गटागटा पाणी प्यायल्या.

"ताई, बोला ना!" यास्मिन म्हणाली.

"त्या साहेबांनी एकच इचारलं, दिवसाला हजार वेळा, हे खरं का? म्हणलं, हजार नाही, साहेब, अकराशे. शंभर मीच कमी लिहिलं, तुम्हाला खोटं वाटू नये म्हणून."

"मग?"

"मग सही केली. म्हणले, एकीलाच का? बाराजणींना करून द्या."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचे मागणे फार नाही. खाताना चुरा सांडला तर झटकून टाका. महिन्यातून एकदा उलटे धरून हलक्या हाताने ठोका. पूजा जरूर करा, पण नंतर अक्षता वेचून घ्या. आणि आम्ही अडलो तर टाकून देण्याआधी आम्हाला शांतपणे 'का?' विचारा. आम्हाला तोंड नसले, तरी नेमक्या ठिकाणी बोट ठेवणाऱ्याला आम्ही उत्तर देतो.

आज भिंतीपलीकडे बारा घोड्या उभ्या आहेत. मला त्या इथून दिसत नाहीत. पण शिफ्ट सुटली की बायका खिडकीवरून गप्पा मारत जातात. त्या ताठ चालतात, आणि शालनबाई सगळ्यांच्या पुढे असतात.