चार अक्षरं, पाच आकडे

"नाव तेच, चित्र तेच, मग बाबांचं गाव गेलं कुठे?" गेमचं नवंकोरं यंत्र काउंटरवर ठेवत लेक म्हणाली. तिच्या मागे बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

पार्सलबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. बावीस वर्षं टपाल खात्यात पार्सलं निवडून झाल्यावर त्यांनी हे दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गल्लीने आधी नाकं मुरडली आणि मग हे नाव दिलं. त्यांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या नाहीत. आपल्या हातून दुरुस्त होऊन गेलेलं यंत्र पुन्हा दारात येत नाही, हे त्या स्वतःच सांगत आणि ते खरंही होतं.

हकीकत साधी होती. बाबा नऊ वर्षं एकच गेम खेळत होते. त्यात गाव वसवायचं, घरं बांधायची, बागा लावायच्या. अलीकडे माणसं, वार, आपण जेवलो की नाही, सगळं त्यांच्या डोक्यातून निसटत चाललं होतं, पण गाव पक्कं होतं. जुनं यंत्र आचके द्यायला लागलं म्हणून परदेशात नोकरी करणाऱ्या लेकीने येताना नवं आणलं. गेमही तिथल्या स्वतःच्या खात्यावरून कौतुकाने विकत घेतला. बाबांचं गाव पेनड्राइव्हवरून नव्या यंत्रात, बाबांच्याच खात्यात उतरवलं आणि त्याच रात्री जुन्याने मान टाकली. आता गेम म्हणत होता, नवीन गाव सुरू करा. चार दिवस बाबा नीट जेवले नव्हते.

"मी नावाला विचारतच नाही," पार्सलबाई म्हणाल्या. "नाव माणसांसाठी असतं. यंत्र नंबर बघतं."

त्यांनी गेमची माहिती उघडून दाखवली. चार अक्षरं, पाच आकडे. मग बाबांच्या गावाची. अक्षरंही वेगळी, आकडेही वेगळे. प्रत्येक गेम मोहोरबंद पाकिटातून येतो, आणि माल एकच असला तरी दर मुलखाच्या पाकिटाचा नंबर निराळा असतो, हे त्यांनी समजावलं. खेळणाऱ्याने जपून ठेवलेलं सगळं त्या नंबराशी बांधलेलं. वरचा कागद कितीही सुंदर असो, पार्सल जाणार पत्त्यावरच.

"मग गावावरचा नंबर बदलून टाका ना."

"एकदा बदलला होता." बाई म्हणाल्या. "मोहोर तुटली. यंत्राने सगळंच नाकारलं, आणि एका पोरीची दोन वर्षांची मेहनत माझ्या हाताने गेली. तेव्हापासून मी कुणाच्या गावाला हात लावत नाही. त्याचं पाकीट शोधते."

जुन्या नंबराचा गेम कंपनीने विक्रीतून काढला होता. ते वाचून लेकीचा चेहराच पडला. बाई मात्र ढिम्म. दुकानातून माल उठला म्हणून घेतलेला थोडाच परत जातो, असं म्हणत त्यांनी बाबांच्या खात्यातली जुन्या खरेदीची यादी उघडली आणि पडद्याला पेन्सिल लावून एकेक नंबर तपासत खाली गेल्या. अगदी तळाशी तो होता.

तो गेम नव्या यंत्रात उतरायला दोन तास लागले. बाईंनी त्यांना घरी पाठवलं नाही. आपण हौसेने घेतलेल्या भेटीनेच बाबांचं गाव हरवलं, असं लेक हळूच म्हणाली. पार्सलबाई म्हणाल्या, भेट चांगलीच होती, पत्ता तेवढा चुकला.

गेम सुरू झाला आणि बाबांचे अंगठे आपसूक हलायला लागले. विहिरीवरून, पुलावरून ते कुठेही न अडखळता गेले आणि एका पिवळ्या घरापाशी थांबले. पार्सलबाईंना वाटलं, हे आपण आजवर केलेलं सगळ्यात चोख काम.

"हे माझ्या लेकीचं घर," बाबा त्यांना सांगू लागले. "लांब असते ती. मी रोज बागेला पाणी घालतो. आली की सुकलेली दिसायला नको."

लेक बाबांच्या खांद्याशीच उभी होती. "कधी येणार ती?" तिने विचारलं.

"येईल की." बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं आणि अदबीने हसले. "तुम्ही बसा ना. केव्हाच्या उभ्या आहात."

पार्सलबाईंनी काउंटरमागचं आपलं स्टूल पुढे सरकवलं. लेक बाबांशेजारी बसली आणि बागेला पाणी घालून होईपर्यंत बघत राहिली.