बारा बाटल्या बर्फ

हिमनदीवरून उतरताना तेओफिलाचं खेचर घसरलं, अन् पाठीवरची थंड पेटी दगडावर आपटून फुटली. आत बर्फाच्या बारा बाटल्या होत्या. नेलिदानं तीन दिवस खपून भरलेल्या.

"संपलं सगळं!" नेलिदा मटकन खाली बसली. ती खाली हुआरास शहरातल्या प्रयोगशाळेत कामाला होती. "वाटेत बर्फ वितळला, की त्यातली काजळी बाटलीला आतून चिकटते. मग मोजू काय, कपाळ?"

"ऊठ गं पोरी, रडायचं ते घरी जाऊन रड!" तेओफिला म्हणाली. तिच्या बापानं जन्मभर याच डोंगरावरचा बर्फ सरबतवाल्यांना विकला होता. तिनं विळ्यानं सपासप गवत कापलं, बाटल्यांभोवती बर्फ ठासला, त्यावर हातभर गवत गुंडाळलं अन् आपल्या अंगावरच्या लोकरी पोंचोनं सगळं घट्ट आवळलं. "आता पळ!"

रस्त्यावर आल्या, तर न्यायला येणाऱ्या जीपचा पत्ता नाही. खाली गावकऱ्यांनी आंदोलनासाठी रस्ता अडवलेला.

"अडवू देत. खेचराला कोण अडवतंय?" तेओफिला म्हणाली.

टायरांच्या ढिगाशी बसलेला एकजण ओरडला, "तेओफिला, गाठोड्यात नवरा बांधलायस का?"

"बर्फ आहे मेल्या! सरक, नाहीतर तुझ्या डोक्यावर वितळवीन!"

हसत हसत लोकांनी वाट दिली.

प्रयोगशाळेत नेलिदानं पोंचो सोडला. पहिली बाटली हलवली. पाण्याचा आवाज नाही; बर्फ जसाच्या तसा! तिनं तेओफिलाला मिठी मारून गरगर फिरवलं.

मग बर्फ वितळवून पाणी गाळणकागदाच्या पांढऱ्या चकत्यांमधून गाळलं. खड्डा खणून खोलवरून काढलेल्या बर्फाची चकती फिकट निघाली, वरच्या थराची मात्र तव्याच्या बुडासारखी काळी.

तेओफिला दचकली. "नवं गवत यावं म्हणून वीस दिवसांपूर्वी आम्ही कुरण जाळलं. ही काजळी आमचीच की गं!"

"शहरातल्या गाड्यांचीही असेल, मावशी. तपासावं लागेल. पण काळा बर्फ उन्हात लवकर वितळतो, एवढं नक्की."

"तू तपास. मला या चकतीचा फोटो दे. गावच्या सभेत अध्यक्षाच्या नाकासमोर धरते!"

रविवारच्या सभेत दुपारपर्यंत नुसता कल्ला झाला. अर्ध्या घरांनी पुढच्या वर्षी कुरण न जाळायचं कबूल केलं. उरलेल्यांशी तेओफिला अजून भांडतेच आहे.