सदर इसमाची कडबाकुट्टी

"हळू उतरवा! पातं सांभाळा."

टेंपोतून कडबाकुट्टी खाली आली आणि शेळीच्या खुंट्याशेजारी उभी राहिली. साखरबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"सोपानराव, ही कुणाची ब्याद?"

"तुमचीच, वहिनी. आजपासनं न्हाई, पयल्यापासनंच. ध्यानात ठेवा."

सोपानराव म्हणजे शिक्रापूरच्या कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार. माणसं पुरवायची आणि मोडली की ओळख द्यायची नाही, हा त्याचा धंदा. साखरबाईचा नवरा हौशीराम त्याच कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण माल जास्त निघावा म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. दोन वर्षांपूर्वी उजवा हात आत असताना प्रेस आली. मनगटापुढं काही उरलं नाही. दवाखान्यात नेताना जीपमध्ये सोपानराव रक्तबंबाळ माणसाच्या कानाशी लागला, "घरी कडबाकुट्टीत गेला म्हण. पोरीला कामाला लावतो."

हौशीरामनं तसंच सांगितलं. पोरगी रुपाली कंपनीत पॅकिंगला लागली. गावानं हौशीरामला नावच पाडलं, कडबाकुट्टी.

त्याच्या घरात कडबाकुट्टी कधी नव्हतीच. बाप मेंढरांमागं रानोमाळ फिरलेला. मेंढराला कुणी कडबा कापून घालत नाही. गरिबाला खोटंसुद्धा स्वतःचं मिळत नाही, ते बागायतदाराच्या गोठ्यातून उसनं आणावं लागतं.

हे उसनं खोटं उघडं पडायची वेळ आणली आमदार बापूसाहेबांनी. नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी प्रश्न टाकला, शिक्रापूर भागात कामगारांचे हात तुटतात, हौशीरामचा तुटला, सरकार काय करतं? उत्तर आलं, "सदर इसमाचा हात घरगुती कडबाकुट्टीत गेला. तो कंपनीचा कामगार नाही."

"इसम म्हंजी काय गं?" शेजारच्या सरूबाईनं विचारलं होतं.

"ज्याचं नाव घ्यायची लाज वाटती, त्यो," साखरबाई म्हणाली होती.

बापूसाहेब काही संत नव्हते. साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्यांनीही नको ते उद्योग केलेले. पण तोंडावर खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. "ती कुट्टी मी डोळ्यांनी बघून येतो," म्हणून ते सभागृहात कडाडले, आणि आज दुपारी येणार होते.

सोपानराव बाजेवर बसला. "हौशीराम, रुपाली सेकंड शिफ्टला हाय. गेटवर माझा माणूस उभा हाय. तिला आत घ्यायचं का न्हाई, ते माझ्या फोनवर ठरंल. समजलं न्हवं?"

हौशीरामनं मान हलवली. हात गेल्यापासून तेवढंच एक काम त्याला नीट जमत होतं.

दुपारी जीप आली, मागं निम्मं गाव. बापूसाहेबांनी पात्यावरून बोट फिरवलं, बोटाला ग्रीस लागलं.

"नवी दिसती."

"जपून वापरत्यात, साहेब," सोपानराव म्हणाला.

"हात गेला, आन् वर जपून?"

लोक हसले. बापूसाहेब हौशीरामकडं वळले. "बोला. हीच का ती?"

हौशीरामनं खाली बघितलं. साखरबाईच्या डोळ्यांसमोर गेटवर डबा घेऊन उभी असलेली रुपाली आली. रुपालीचा पगार बंद म्हणजे घराची चूल बंद. पण त्या प्रेसवर आता एक बिहारी माणूस बसत होता. रुपाली सांगायची, रोज जेवताना तो स्वतःची बोटं मोजतो, "आज भी पूरी हैं" म्हणतो आणि हसतो.

"बापूसाहेब, ही आज सकाळी टेंपोतनं आली."

"वहिनी!"

"गप बसा. आमच्याकडं खाणारी एक शेळी. ती बाभळीचा पाला खाती. तिला कुट्टी करून घालाया आम्ही काय पाटील हाय?" पुन्हा हशा झाला. तो विरेपर्यंत ती थांबली. "ह्यांचा हात कंपनीतच गेला. पाचर अजून तिथंच हाय."

आता कुणी हसलं नाही. सोपानराव गर्दीतून निघाला, थेट एसटीडी बूथकडं.

बापूसाहेबांना गेटची भानगड कुणीतरी कानात सांगितली. "ताई, पोरीचं मी बोलतो कंपनीशी."

"बोला. पर आदी पाचरीचं बोला."

बापूसाहेब बोलले. सभागृहात बोलले, आणि इन्स्पेक्टरला सोबत घेऊन कंपनीतही बोलले. पाचर निघाली, प्रेसला जाळी बसली. नुकसानभरपाईची केस मात्र तारखांच्या मागं लागली, आणि रुपालीला कुणी आत घेतलं नाही. आमदाराचा शब्द विधानसभेत चालतो, गेटवर ठेकेदाराचा.

रुपाली न्हावऱ्याला कांदे खुरपायला जाऊ लागली. आईशी बोलणं तिनं टाकलं. ताट घेऊन वेगळी बसून जेवायची. साखरबाईनंही तिला समजवायला शब्द खर्च केले नाहीत. कारण पोरीचंही खरंच होतं.

सोमवारी तिघं तळेगावच्या बाजाराला निघाले. एसटी खच्चून भरलेली. रुपालीला पुढं जागा मिळाली, साखरबाई दांडा धरून उभी. हौशीरामशेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, हाताला काय झालं वो?"

साखरबाई त्याच्याकडं वळली. दोन वर्षं घोकलेलं उत्तर हौशीरामच्या ओठावर आलं असणार.

"कंपनीत गेला," तो म्हणाला. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "प्रेसमधी!"

रुपालीनं मागं वळून बघितलं. मग मांडीवरची पिशवी तिनं पायाशी ठेवली आणि उभ्या आईसाठी अंग चोरून खिडकीकडं सरकली.